कुडाळला प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं, त्याचा अनुभव

वय 67, गाव देवगडजवळ, धंदा आंब्याचा. रात्री पाच-पाच वेळा उठून न्हाणीत ताटकळायचो, धार काही सुटायची नाही. दोन वर्षं टॅम्सुलोसिनवर (लघवीची वाट सैल करणारी गोळी) काढली, पण उभं राहिलं की भोवळ यायची. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून 62 ग्रॅम निघालं आणि लघवी करून आल्यावरही 180 मिली आतच. मग कुडाळातल्या एका हॉस्पिटलात गेलो.

डॉक्टरांना पैकीच्या पैकी गुण. त्यांनी नारळावरून समजावलं. टीयूआरपी म्हणजे दुर्बिणीतून करंटच्या तारेने गाठ आतून खवायची, करवंटी तशीच राहते. लेसरचं होलेप म्हणजे वाटी अख्खी सोडवायची आणि आतच बारीक करून बाहेर ओढायची. "तुमच्या मापाला खवणी पुरे. शंभराच्या वर असतं तर लेसरवाल्याकडे पाठवलं असतं, माझ्याकडे ते मशीन नाही," हे स्वतःहून सांगितलं. पुढे वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जाईल, हेही बायकोसमोर स्पष्ट बोलले. ती पदर तोंडाला लावून हसली.

पाठीत इंजेक्शन, कमरेखाली बधिर, तासाभरात काम आटोपलं. नंतर लघवीची नळी, आणि मूत्राशय आतून धुवायला वर सलाईनच्या तीन-तीन लिटरच्या पिशव्या. पहिल्या रात्री नळीत अगदी कोकमाचं आगळ! सकाळी सिस्टर म्हणाली, "काका, आता सोलकढीचो रंग इलो, घाबरू नका." तिसऱ्या दिवशी नळी निघाली. खवलेले तुकडे तपासायला गेले होते, रिपोर्टात कॅन्सर नाही.

एक गुण कापला तो डिस्चार्जसाठी. सकाळी दहाला 'घरी जा' म्हणाले, कागद हातात पडले संध्याकाळी पाचला, तेही सगळे इंग्रजीत. आणि आतली खपली सुटताना दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त दिसू शकतं, हे कुणीच सांगितलं नाही. बाराव्या दिवशी पहाटे लाल लघवी बघून माझे हातपायच गळाले. फोन मात्र लगेच उचलला: पाणी भरपूर प्या, गुठळ्या आल्या किंवा लघवी अडली तरच निघा. दुपारपर्यंत निवळलं.

बागायतदारांनो, तारीख पावसाळ्यातली घ्या. सहा आठवडे वजन उचलायचं नाही. मी फेब्रुवारीत केलं आणि ऐन मार्चात खळ्यात खुर्ची टाकून गड्यांना पेट्या भरताना नुसता बघत बसलो.