सर्व्हरमध्ये दोन डिस्क सांगितल्या, निघाली एकच

आमच्या कचेरीत सहा माणसं. बिलं, स्टॉक, हिशेब सगळं एका ठिकाणी राहावं म्हणून सर्व्हर हवा होता. मोठा सर्व्हर आवाक्याबाहेरचा, म्हणून छोटा डेस्कटॉप घ्यायचं ठरवलं. तो विचार चुकला असं मला आजही वाटत नाही. लिटरभर आकाराचा डबा, लॅपटॉपसारखा ६५ वॅटचा अडॅप्टर, काम नसताना वीज जेमतेम १०-१५ वॅट. पाच-सहा जणांच्या फाइली आणि डेटाबेस तो सहज सांभाळतो. फसवलं ते विकणाऱ्याने.

"नवं कोरं यंत्र आहे. आत दोन एसएसडी, म्हणजे डेटा साठवायच्या डिस्क, टाकल्यात. एक गेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं राहील," असं त्याने सांगितलं. स्क्रीनवर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दाखवले. डीमध्ये 'बॅकअप' नावाचं फोल्डर, रात्री आपोआप कॉपी होण्याची सोय. माझं समाधान झालं. दोन यंत्रं घेतली, एक सर्व्हरसाठी, एक काउंटरवर. बिलावर फक्त 'कॉम्प्युटर, २ नग' एवढंच लिहिलं होतं, आणि मी ते तसंच घेतलं.

अकराव्या महिन्यात एका सकाळी सर्व्हर सुरू होईना. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, डिस्कच दिसत नव्हती. दुसरी आहे, या भरवशावर मी मागचा स्क्रू काढून झाकण सरकवलं. आत थेट बोर्डावर बसणारी, बोटाएवढी एकच एम.२ एसएसडी. अडीच इंची डिस्कची जागा रिकामी, तिथे केबलसुद्धा लावलेली नव्हती. मी टॉर्च मारून पुन्हा पुन्हा पाहिलं. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग होते. डिस्क गेली, तिच्यासोबत बॅकअपही गेला.

मग काउंटरवरच्या यंत्रात क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क आजवर चालू राहिल्याचे तास, ३१,४१२. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी नवी म्हणून विकलेली ही डिस्क एकूण साडेतीन वर्षांहून जास्त चाललेली होती. वापरलेलं यंत्र घेण्यात वावगं काही नाही, पण ते तसं सांगून विकलं पाहिजे.

फोन केला तर उत्तर आलं, "वॉरंटी मशीनची आहे, डेटाची नाही." दोन डिस्कचा विषय काढला तर म्हणाला, बिलात कुठे लिहिलंय?

तुम्ही असं यंत्र घेत असाल तर पैसे देण्याआधी झाकण उघडून दाखवायला लावा, डिस्क स्वतः मोजा. डिस्कचे तास समोर बघा. दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर, आणि यंत्र नवं की वापरलेलं, हे बिलावर लिहून घ्या. टाळाटाळ केली तर उठून या. आणि खरोखर दोन डिस्क असल्या, एकीवरचं दुसरीवर लगेच उतरत असलं, तरी तो बॅकअप नव्हे. चुकून फाइल पुसली की ती दोन्हीकडून पुसली जाते, व्हायरसने डेटा कुलूपबंद केला तर दोन्हीकडे होतो. एक प्रत यंत्राबाहेर हवीच, आणि तिच्यातून एखादी फाइल अधूनमधून परत आणून बघायला हवी. मी एकदाही बघितली नव्हती.

आता बाहेरची डिस्क रोज संध्याकाळी कॉपी झाल्यावर काढून घरी नेतो. छापील बिलांवरून जुन्या नोंदी पुन्हा भरणं चालू आहे. ज्या उधारीची छापील प्रत नाही, तिच्यासाठी एकेका ग्राहकाला फोन करून विचारतोय.