टायर प्रेशरचा खोटा इशारा: सेन्सर बदलावा, बाहेरचा संच बसवावा की गेजवर भागवावे?

ऑफ-रोड गाडीच्या डॅशबोर्डवरचा टायर प्रेशरचा दिवा विझत नसेल, तर खर्चाचा विचार करण्याआधी तो लागतो कसा हे नीट पाहावे. गाडी सुरू करताच तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर बहुतेक गाड्यांत दोष हवा मोजणाऱ्या यंत्रणेत असतो. सुरुवातीपासूनच स्थिर असेल, तर यंत्रणेला हवा कमी वाटत आहे. अशा वेळी टायर थंड असताना गेजने हवा मोजावी आणि स्टेपनीही वगळू नये, कारण काही गाड्यांत पाचव्या चाकातही सेन्सर असतो आणि मागच्या दारावरच्या त्या चाकाकडे महिनोन्‌महिने कोणाचे लक्ष जात नाही. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की प्रेशर साधारण 1 पीएसआयने घटते, म्हणून थंडीच्या पहाटे लागून दुपारी विझणारा दिवा बिघाड मानू नये. वाळूसाठी हवा 15 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवल्यावर लागणारा दिवाही खरेच सांगत असतो. चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधणाऱ्या गाड्यांत तर टायरमध्ये सेन्सरच नसतो. तिथे हवा भरून यंत्रणा रीसेट करावी.

सेन्सरच निकामी ठरला, तर मूळ पद्धतीचा नवा सेन्सर हा सर्वांत टिकाऊ मार्ग आहे. त्याची बॅटरी आत सीलबंद असते आणि साधारण 5 ते 10 वर्षे चालते, त्यामुळे जुन्या गाडीत एक गेला की उरलेल्यांचेही दिवस भरत आलेले असतात. टायर रिमवरून उतरवावा लागतो, सेन्सरची फ्रीक्वेन्सी गाडीशी जुळावी लागते (315 की 433 मेगाहर्ट्‌झ, हे आधी विचारावे) आणि अनेक गाड्यांना नव्या सेन्सरची ओळख यंत्राने करून द्यावी लागते. टायर बदलायचेच असतील, तर हे काम त्याच वेळी उरकावे.

व्हॉल्व्हवर टोपीसारखे फिरवून बसणारे बाहेरचे सेन्सर घरीच बसवता येतात, स्वतंत्र पडद्यावर प्रत्येक चाकाचे प्रेशर दाखवतात आणि बऱ्याच संचांत इशाऱ्याची मर्यादा आपण ठरवू शकतो, जी सोय कमी हवेवर चालणाऱ्याला फार मोलाची वाटते. मात्र दगडाला किंवा झुडपाला घासून ते तुटू शकतात, रबरी व्हॉल्व्हवर त्यांचे वजन पडते, हवा उतरवताना दर वेळी काढावे लागतात, आणि डॅशबोर्डवरचा मूळ दिवा पेटलेलाच राहतो.

नुसत्या गेजवर भागवणे मला तात्पुरतेच मान्य आहे. गेज खरे सांगतो, पण गाडी थांबल्यावर. धावताना हळूहळू उतरणारी हवा त्याला कळत नाही, आणि ऑफ-रोड टायरच्या कडक बाजू हवा कमी असूनही डोळ्यांना फसवतात. असा टायर महामार्गावर वेगात तापतो आणि फाटू शकतो.

त्यामुळे खडकाळ वाटा नेहमीच्या असतील, तर चारही मूळ सेन्सर एकदम बदलावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. मुख्यतः वाळूत जाणाऱ्याने बाहेरचा संच घेतला तरी चालेल, पण धातूच्या व्हॉल्व्हवरच. नवा सेन्सर बसवताना सील आणि नटही नवे घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसली, तर तो गंजला आहे असे समजावे. काम झाल्यावर तिथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे स्वतः पाहूनच चाक ताब्यात घ्यावे.