पीडितशास्त्राचा आठ महिने अभ्यास: बेळगाव भागात काम करायचं असेल तर काय उपयोगी पडतं

आठ महिन्यांच्या अभ्यासानंतर मत असं झालंय की पीडितशास्त्र, म्हणजेच व्हिक्टिमॉलॉजी, ज्यांच्यावर गुन्हा घडतो त्यांचा अभ्यास, जरूर शिकावं, पण पुस्तकाच्या क्रमानं नको. सखी केंद्रात (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र), मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, प्रकरणात मुलांसोबत उभा राहणारा सपोर्ट पर्सन म्हणून काम करायचं असेल, तर पुस्तकात शेवटी येणारा प्रत्यक्ष मदतीचा भाग आधी वाचावा लागतो.

पहिली प्रकरणं मेंडेलसोन आणि फॉन हेंटिग या सुरुवातीच्या अभ्यासकांची. फॉन हेंटिगचा ग्रंथ 1948 चा. पीडिताचा 'वाटा' किती, यावरून प्रकार पाडायची ही जुनी पद्धत. तिला दोन दिवस पुरेत. जास्त रेंगाळलं की "तिचं काय चुकलं" हा प्रश्न शिकणाऱ्याच्याच तोंडी बसतो, आणि समोर बसलेल्या बाईला तो लगेच कळतो. बचाव पक्षाचे प्रश्न कुठल्या विचारातून येतात हे ओळखण्यापुरता हा भाग ठेवावा. त्यापेक्षा गुन्ह्यांच्या पीडितांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा 1985 चा जाहीरनामा मुळातून वाचा. थोडीच पानं आहेत आणि चार गोष्टी नीट मांडल्यात: न्यायापर्यंत पोहोच व सन्मानाची वागणूक, गुन्हेगाराकडून परतफेड, सरकारकडून भरपाई, आणि मदत.

कायद्याच्या नोट्स घेताना तारीख बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं भरपाईचं कलम 357अ आता 396 झालंय. जुन्या खटल्यांच्या कागदांवर जुनेच आकडे असल्यानं दोन्ही पाठ हवेत. मुदतीही पाठ हव्यात: ऑनलाइन दिलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत सही, बलात्काराच्या प्रकरणात खबर मिळाल्यापासून 24 तासांत वैद्यकीय तपासणीला पाठवणं, डॉक्टरांचा अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे, आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांत पीडिताला कळवणं. पीडिताच्या अपिलाच्या हक्कावरचा 2018 चा मल्लिकार्जुन कोडगली निकाल आपल्याच कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तोही वाचा.

कुठल्याच पाठ्यपुस्तकात न मिळालेला भाग म्हणजे भाषा. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यात बाई सांगते मराठीत आणि कागद होतो कन्नडमध्ये. ती म्हणाली, "त्यानं हात धरला." 'धरला' म्हणजे 'हिडिदनु'. लिहिणाऱ्यानं घाईत 'एळेदनु' लिहिलं तर झालं 'ओढलं'. वर्षभरानं साक्षीत ती पुन्हा 'धरला'च म्हणते आणि उलटतपासणीत तिला खोटं ठरवायला तेवढाच फरक पुरतो. फिर्याद सही करण्याआधी वाचून दाखवली पाहिजे आणि प्रत फुकट मिळाली पाहिजे, हे कायद्यातच आहे. म्हणून सवय एकच लावायची: सहीआधी प्रत्येक वाक्य मराठीत परत विचारून घ्यायचं, विशेषतः क्रियापदं, वेळ आणि माणसांची संख्या. बालकाच्या जबाबासाठी दुभाषी घेता येतो, तशी तरतूद पॉक्सोतच आहे. मागितल्याशिवाय तो येईलच असं मात्र धरून चालू नका.

कन्नड लिपी यायलाच हवी. सुरुवातीला हे शब्द पुरतात: दूरू म्हणजे तक्रार, हेळिके म्हणजे जबाब, तनिखे म्हणजे तपास, वरदि म्हणजे अहवाल, संत्रस्ते म्हणजे पीडित स्त्री. 'परिहार' इथे फसवतो. मराठीत आपण शंकेचा परिहार करतो, कन्नड कागदावर परिहार म्हणजे नुकसानभरपाई.

भरपाईचा अर्ज हा कामाचा रोजचा भाग, आणि शिकवताना नेमका तोच घाईत उरकतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या महिलांसाठीच्या 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी 4 ते 7 लाख, मृत्यूसाठी 5 ते 10 लाख असे टप्पे आहेत. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. फिर्यादीची प्रत, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र, बँक पासबुक एवढं तयार ठेवा. अडतं ते नावापाशी. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडील, आडनाव. आधारवर वेगळा क्रम. कन्नड फिर्यादीत तिसरंच. अर्ज देण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवा, नाही जुळलं तर 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र जोडा. आणि पूर्ण रक्कम लगेच हाती येत नाही, बरीचशी मुदत ठेवीत जाते, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नाही सांगितलं तर मधल्या माणसानं पैसे खाल्ले असा संशय येतो, आणि तो तुमच्यावरच येतो.

सीमेचा प्रश्न वेगळा शिकावा लागतो. घटना महाराष्ट्रातल्या चंदगडकडची, बाई राहते कर्नाटकातल्या बेळगावात. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी घेतला जाणारा गुन्हा, इथे नोंदवता येतो, पण तपास पलीकडे जातो आणि कागद दोन राज्यांत विभागतात. पाठवल्याची तारीख आणि पलीकडच्या ठाण्याचा नवा गुन्हा क्रमांक मिळेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. गुन्हा क्रमांक नसेल तर पुढचा प्रत्येक अर्ज अडतो.

ऐकून घेण्याचा सराव पुस्तकातून होत नाही. दोघींनी समोरासमोर बसून वीस मिनिटं, 'का' हा शब्द न वापरता विचारायचं: "मग काय झालं?", "तेव्हा तुम्ही कुठं होता?" तिसरीनं फक्त 'का' मोजायचे. आठवड्यातून दोनदा असं बसलं तरी महिन्याभरात फरक पडतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी अभ्यास सुरू करण्याआधी दोन महिने रोज कन्नड वर्तमानपत्रातली एक गुन्ह्याची बातमी मोठ्यानं वाचावी.