साठेखतानंतर हाती आलेला अहवाल

जुन्या इमारतीतील एक सदनिका आम्ही तिच्या मालकाकडून घेण्याचे ठरवले, विसार (आगाऊ रक्कम) दिला आणि साठेखताची, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराची, नोंदणीही केली. घर पाहताना एका खांबाला नुकताच गिलावा करून रंग दिलेला दिसला म्हणून मी कारण विचारले होते. "विकायचे म्हणून नीट करून घेतले," असे मालकांनी सांगितले आणि मी ते खरे मानले.

खरेदीखतापूर्वी थकबाकी नसल्याचा दाखला घेण्यासाठी गृहनिर्माण संस्थेत गेलो, तेव्हा दुरुस्तीची वर्गणी कोण भरणार, असे सचिवांनी विचारले. त्यांनी दाखवलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या, अहवालात खांबांतील सळया गंजून काँक्रीट सुटत असल्याची नोंद होती आणि प्रत मिळाल्याच्या पोचपावतीवर याच मालकांची, आमची ओळख होण्याच्या आठ महिने आधीची, सही होती.

आम्ही व्यवहार रद्द करण्याची मागणी करताच साठेखतातील "घर जसे आहे तसे पाहून पसंत केले आहे" हे वाक्य आणि विसार जप्तीचे कलम आमच्यापुढे ठेवण्यात आले. सही केल्यावर काही दिवसांत विनाकारण माघार घेता येते, असा माझा समज होता. पण जुन्या घराच्या खरेदीत आपल्या कायद्याने तसा हक्क दिलेला नाही, आणि रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातील परताव्याच्या तरतुदी विकासकासाठी आहेत, स्वतःचे राहते घर विकणाऱ्या व्यक्तीसाठी नाहीत.

आधार मिळाला तो मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ चा. मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणे हे कलम कपटच मानते. खरेदीदाराने योग्य कारणाने ताबा नाकारला, तर दिलेल्या विसारासाठी त्याच मालमत्तेवर त्याचा बोजाही, म्हणजे ती रक्कम तिच्यातून वसूल करण्याचा हक्कही, राहतो.

मात्र "सामान्य काळजी" या दोन शब्दांवरच आमची बाजू लंगडी पडत होती. संस्थेकडे विचारले असते तर अहवाल कळला असता, असा युक्तिवाद समोरच्या वकिलांनी केला, आणि तो पूर्णपणे खोडून काढता येईल याची खात्री आमच्या वकिलांनाही देता आली नाही. म्हणून मी कळकळीने सांगतो की विसार देण्यापूर्वी संस्थेला लेखी पत्र देऊन ऑडिट, दुरुस्ती आणि प्रलंबित दावे यांची माहिती मागा, आणि "ज्ञात असलेले सर्व दोष उघड केले आहेत, तसे नसल्यास विसार परत करीन" हे विक्रेत्याचे कथन साठेखतात घालून घ्या.

अखेर तडजोड झाली. विसार परत मिळाला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आम्ही सोसला. रद्दलेखावर सही करताना, अहवाल का लपवला, असे मी मालकांना विचारले. "तुम्ही विचारलेच नव्हते," असे ते म्हणाले. खांबाबद्दल मी विचारले होते, पण ते कोठेही लिहिलेले नव्हते.