संगीत, नाट्य, चित्र : तिन्हींची एकत्र पदवी घ्यावी का?

मी मूळची चित्रकलेची. संगीत, नाट्य आणि दृश्यकला अशी एकत्र पदवी नुकतीच पूर्ण केली. या अभ्यासक्रमाचा सगळा जीव संयुक्त निर्मितीत, म्हणजे तिन्ही विषयांच्या मुलांनी मिळून उभ्या केलेल्या प्रयोगात आहे. ज्या विभागात ती होत नाही, तिथे हे तीन विषय एकत्र घेऊ नका, हे आधीच सांगते.

पहिलं वर्ष रेटावं लागतं. स्वरज्ञान एका खोलीत, रेखाटन दुसऱ्या, अभिनय तिसऱ्या. या शिक्षकांना त्या वर्गात काय चाललंय याचा पत्ता नसतो.

दुसऱ्या वर्षी प्रकाशयोजना सुरू झाली आणि चित्र पालटलं. रंगवलेल्या हिरव्या झाडीवर बाईंनी नुसता लाल प्रकाश सोडला. झाडी काळीठिक्कर पडली. मग पांढऱ्या पडद्यावर लाल आणि हिरवा दिवा एकत्र आणला, तर लख्ख पिवळा! हेच दोन रंग ताटलीत कालवले की मातकट तपकिरी होतात. पुस्तकात वाचलेलं होतंच, पण त्या उजेडात एखादी नटी येऊन उभी राहते आणि तिच्या पोशाखाचा रंग, चेहऱ्यावरचा भाव सगळंच बदलतं, तेव्हा ते अंगात भिनतं.

संगीतात कान तयार व्हायला मला फार वेळ लागला. तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा पेटीचा गंधार सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. गाणाऱ्या मुलांना तो लगेच खटकायचा. मला खटकू लागला तो दिवस फार आनंदाचा होता.

सभागृहाचं गणितही इथेच कळलं. संवाद स्पष्ट पोचायचे तर निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो घुमत राहण्याचा काळ, 1 सेकंदाच्या आसपास असलेला बरा. मोठ्या वाद्यवृंदाला 2 सेकंदांच्या जवळपास हवा. आमच्या निर्मितीत संवादही होते आणि गाणीही, त्यामुळे निनाद कमी करणारे जाड पडदे कुठे सोडायचे यावरून नेपथ्यवाले आणि गायक तालमी संपेपर्यंत भांडले. त्या भांडणात मी जे शिकले ते कुठल्याच तासाला शिकले नाही.

सिद्धान्ताचा पेपर उत्तम. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मूर्तिकला शिकवा म्हणतो, तेव्हा मार्कंडेय त्याला आधी चित्र, त्याआधी नृत्य, त्याआधी वाद्य आणि त्याआधी गीत अशी मागे मागे नेतात. त्याच्या जोडीला बाउहाउस : 1919 साली जर्मनीत स्थापन झालेल्या या कलाशाळेत ऑस्कर श्लेमर हा चित्रकार-शिल्पकार नाट्यशाळा चालवायचा आणि नर्तकांना चालती शिल्पं करून टाकायचा. दोन्ही शेजारी ठेवून शिकवलं, याबद्दल विभागाला मनापासून धन्यवाद.

आता तक्रार. सामूहिक निर्मितीला सगळ्यांना सारखेच गुण. रात्रभर पडदे रंगवणारा आणि फक्त प्रयोगाला उगवणारा एकाच पंगतीत! प्रत्येकाची कामाची वही तपासली तर हे सहज टळेल. शिवाय ज्याला मैफलीचा गायकच व्हायचंय त्याने इकडे येऊ नये. तालमींत रियाज हमखास तुटतो.

प्रवेशाआधी एवढं विचारा : शेवटच्या वर्षाच्या निर्मितीला तिन्ही विषयांचे परीक्षक एकत्र बसतात का? आणि रंगमंच संध्याकाळी विद्यार्थ्यांना मोकळा मिळतो का? दोन्हींना 'हो' असेल तर बेलाशक घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या गुणांसाठी.