सोलापुरात डर्ट बाइक: आधी वाट शोधायची की सोबती?

डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची गाडी, दारात आली की पहिला प्रश्न वाटेचा पडतो. माझं मत उलटं आहे. सोलापूरभोवती वाटांना तोटा नाही, अडतं ते माणसांपाशी. तरी आधी वाटांचं बघू.

शहराबाहेर पडलं की जमीन दोन जातींची लागते. उंचवट्यावर मुरमाड माळ, सखल भागात काळी. नवशिक्यानं माळच धरावा. पाणी पटकन निचरतं आणि चाक घसरलं तरी सावरायला जागा असते. त्रास एकच, वेडी बाभूळ. ट्यूबवाल्या टायरला तिचा काटा आज ना उद्या लागणारच, त्यामुळे टायर काढायचे लिव्हर, पॅच आणि पंप पाठीवर नसतील तर माळावर जाऊच नका.

काळ्या रानातल्या पाणंदी महिना बघून निवडायच्या. हुरड्याच्या दिवसांत, दोन्ही बाजूंना शाळू उभा असताना, त्या टणक असतात आणि माळापेक्षा जास्त मजा देतात. सप्टेंबरात मात्र तीच पाणंद वैरीण होते. चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा ठासून बसतो की चाक फिरायचंच थांबतं. काटकीनं खरवडायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं. शिवाय ओल्या पाणंदीत पाडलेली चाकोरी वाळली की पुढे कित्येक दिवस त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आदळत राहतो. मग तुम्हाला तिथं परत कोण येऊ देईल?

कालव्याचा भराव सपाट आणि सरळ दिसतो, म्हणून मोह होतो. एका अंगाला पाणी, समोरून उसाचा ट्रॅक्टर. सोडून द्या. तुळजापूर-नळदुर्गच्या बाजूला बालाघाटाचे चढउतार आहेत, पण ते हात बसल्यावर.

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ या तुलनेत धरूच नका. 1979 पासून ते माळढोकाचं अभयारण्य आहे, आणि हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच. मोकळं गवत दिसलं म्हणून गाडी घातली तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. अभयारण्याची जमीन सलग नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात कुठलाही माळ विचारल्याशिवाय आपला समजायचा नाही.

आता सोबती. बुलेटवाल्यांचे ग्रुप सहज मिळतात, माणसंही दिलदार. पण त्यांचा जीव हायवेवर आणि नाश्त्यावर. शिवाय वजन बघा: रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 भरते 196 किलो, हिरोची हलकी एक्सपल्स 200 साधारण 160. मुरमात आडवी झालेली जड गाडी तीनदा उचलली की चौथ्या रविवारी तो माणूस येत नाही. गॅरेजवर जमणारी पोरं त्याहून बरी. चेन उतरली, क्लचचा लिव्हर तुटला तरी हसत मार्ग काढतात. फक्त त्यांना वेगाची खाज असते, आणि एकानं पुढं काढली की बाकीचे थांबत नाहीत.

माझी पसंती तिसऱ्याला: ज्याचं रान त्या शिवारात आहे असा एखादा मित्र, मग त्याच्याकडे स्प्लेंडर का असेना. कुठल्या बांधापलीकडे विहीर उघडी आहे, कुणाचं पीक उभं आहे, कुठली जमीन वनखात्याची, हे त्याला तोंडपाठ असतं. वाटेत एखादे आजोबा काठी टेकून विचारतात, ‘‘कुणाची पोरं रं तुम्ही?’’ त्याला उत्तर देणारं माणूस तुमच्यात असलं की निम्मं काम झालं. दोघं असाल तर निघा, तिघं असाल तर उत्तम. एकट्यानं जायचंच तर घरी गावाचं नाव सांगून आणि डांबरी रस्ता नजरेच्या टप्प्यात ठेवून.

नंबरप्लेट नसलेली, निव्वळ ट्रॅकसाठी बनलेली गाडी घ्यायचा विचार असेल तर ती गावच्या रस्त्यावरही कायद्यानं चालवता येत नाही, टेम्पोतच न्यावी लागते. उडी, उभं राहून तोल, वाळूत वळण असलं तंत्र शिकायचं असेल तर डाकार रॅलीत उतरलेले सी. एस. संतोष यांचं बिगरॉक डर्टपार्क कर्नाटकात कोलारजवळ आहे. उद्यान एक्सप्रेस सोलापूरहून थेट बंगळुरूला जाते आणि तिथं शिकायला स्वतःची गाडी न्यावी लागत नाही.