मिरजेतलं स्टीलची भांडी भाड्यानं देणारं दुकान, चर्चच्या जेवणासाठी एकदम बेस्ट

सांगली-मिरज भागातल्या कुठल्याही मंडळीचं (चर्चचं) प्रीतिभोजन असू दे, लग्न असू दे नाहीतर नाताळचं जेवण, ह्या दुकानात एकदा विचारून बघाच.

आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारसाठी साधारण ३०० जणांची ताटं घेतली. कप्प्याची ताटं, वाट्या, पेले, चमचे, भाताची मोठी पातेली, नळाची पिंपं, सगळं एका टेम्पोत दारात. ताटं जाड आहेत आणि स्वच्छ, तेलकट वास अजिबात नाही. काही पेले चेपलेले निघाले, दुकानवाल्या मामांना फोन केला तर कुरकुर न करता दुसरे पाठवले. टेम्पो मात्र तासभर उशिरा आला, उपासना लांबली म्हणून निभावलं, त्यामुळं वेळ जरा आधीचीच सांगा.

हा खटाटोप कशासाठी ते पण सांगतो. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरातल्या मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात, आमच्याकडं तरुण संघानं तो सुरू केला. काही वडीलधारे म्हणाले हे पोपचं आहे, आपण प्रोटेस्टंट, आपल्याला काय करायचंय. पण १ सप्टेंबरचा दिवस पहिल्यांदा १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स मंडळीच्या धर्मप्रमुखांनी जाहीर केला, पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिकांसाठी २०१५ ला घेतला, आणि उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला, ते काय एकाच पंथासाठी लिहिलंय का.

त्या रविवारी पाळकांनी योहानाचा सहावा अध्याय घेतला होता. पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाल्यावर येशूनं शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरल्या. एवढं ऐकून बाहेर यायचं, प्लास्टिकचं कोटिंग असलेल्या कागदी प्लेटीत जेवायचं आणि संध्याकाळी तो ढीग कंपाउंडच्या कोपऱ्यात पेटवायचा, मला खरंच नाही पटत. वापरून फेकायच्या प्लास्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे देशभर बंद, तरी बाजारात मिळतातच, आणि कागदी कपाला पण आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा थर असतो, तो जाळला की धूर शेजारच्यांच्या घरात.

आपल्याकडच्या लोकांना तर हे सांगावं लागू नये. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. महापूर प्लेटांमुळं आला असं मी म्हणत नाही, तो अतिवृष्टीचा आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचा होता. पण हवा १ अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडायला लागला की कोसळतो, आणि त्या पाण्याला जायला नाले मोकळे पाहिजेत तर ते आपण कचऱ्यानं तुंबवतो. पूर ओसरल्यावर आमच्या पोरांनी घराघरांतून चिखल उपसलाय, त्या गाळात काय काय निघतं ते त्यांना विचारा.

दुष्काळी जतकडचे पाहुणे म्हणाले, एवढी ताटं धुवायला पाणी किती जाणार? रास्त प्रश्न आहे. आम्ही नळ सोडून ठेवला नाही, खरकटं आधी बादलीत काढलं, घासून झाल्यावर तीन टपांत ओळीनं विसळलं, शेवटच्या टपातलं पाणी आवारातल्या झाडांना घातलं. भात-चपातीचं उरलंसुरलं जवळच्या गोठ्यात गेलं. तरुण संघातली मुलं आणि महिला मंडळाच्या मावश्या मिळून बसले, काम पटकन उरकलं. धुवायला माणसं नसतील तर दुकानवाले खरकटी ताटं पण परत घेतात, त्याचा रेट वेगळा आहे.

खर्चाचं म्हणाल तर कागदी प्लेटा, ग्लास आणि पाण्याच्या बाटल्यांना जेवढे जायचे त्याहून थोडे कमीच गेले. डिपॉझिट लागतं, ते परत देताना ताटं-चमचे मोजून घेतात, तेव्हा आपलं माणूस उभं ठेवा, चमचे हमखास कमी भरतात आणि त्याचे पैसे कापतात.

पाचपैकी चार स्टार, एक उशिराचा कमी केला. नाताळच्या आठवड्यात लग्नांची पण गर्दी असते, ताटं पाहिजे असतील तर नोव्हेंबरातच सांगून ठेवा.